कलिंगातून नेलेली दीड लाख माणसे

(अशोक विजयादशमीच्या निमित्ताने हिंगणा येथे कार्यकर्ते व सहानुभूतिदार यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



अशोक विजयादशमीच्या आठवड्यात नागपूरच्या परिसरात सम्राट अशोकावर बोलायला उभे राहणाऱ्या माणसाचे काम एका अर्थी सोपे असते आणि एका अर्थी फार अवघड असते. सोपे अशासाठी की, श्रोत्यांना विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. दीक्षाभूमी इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तुमच्यापैकी कितीतरी जण लहानपणापासून आईवडिलांचे बोट धरून तेथे जात आले आहेत. अवघड अशासाठी की, गौरवाची भाषा आधीच इतकी तयार असते की वक्त्याला विचार करण्याची गरजच उरत नाही. कलिंगचे युद्ध, रक्ताचे पाट, राजाच्या हातून गळून पडलेली तलवार आणि बुद्धाला शरण. एवढे बोलले की टाळ्या पडतात. मीही अशी भाषणे केली आहेत.

त्यांतल्याच एका भाषणानंतर, इथल्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे कामाला असलेला एक तरुण माझ्याजवळ आला. तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं की कलिंगात एक लाख माणसं मारली गेली आणि दीड लाख माणसं धरून नेली. मेलेली तर परत येत नाहीत. पण अशोकाला पश्चात्ताप झाल्यावर त्यानं ती दीड लाख माणसं घरी पाठवली का?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक महिने मी या दृष्टीने अशोकाचे लेख पुन्हा वाचत होतो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या तरुणाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ. अशोकाविषयी आपण जे बोलतो त्यातले बरेचसे नंतरच्या कथांतून आलेले आहे. चंडाशोक आणि धम्माशोक ही जोडी, भावांच्या हत्या, एका क्षणात झालेले परिवर्तन, या गोष्टी बौद्ध आख्यानांत आणि अलीकडे चित्रपटांत रंगल्या. आपल्या सुदैवाने अशोक स्वतः बोलला आहे. त्याचे शब्द दगडावर कोरलेले आहेत आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडल्यापासून ते आपल्याला वाचता येतात. हा साक्षीदार अधिक विश्वासार्ह, आणि कथांपेक्षा अधिक अडचणीत आणणाराही आहे. लघुशिलालेखात तो सांगतो की, उपासक झाल्यावर वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही. संघाच्या जवळ गेल्यानंतरच नेटाने कामाला लागलो. क्षणात बदललेल्या माणसाची ही भाषा नव्हे. हळूहळू, चाचपडत, स्वतःच्या आळसाची कबुली देत बदललेला हा माणूस आहे. मला तर तो यामुळेच अधिक जवळचा वाटतो.

आता कलिंगकडे येऊ. इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, अशोकाने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात तो स्वतः हिशेब मांडतो. दीड लाख माणसे तेथून नेण्यात आली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. जेत्यानेच पराभूतांच्या प्रेतांची मोजदाद करून ती आपल्या राज्यभर कोरून ठेवावी, असे उदाहरण प्राचीन जगाच्या इतिहासात मला दुसरे ठाऊक नाही. राजे मेलेल्या शत्रूंची संख्या कोरीत ती मिरवण्यासाठी. अशोकाने ती कोरली लाज वाटली म्हणून. एवढ्यावर तो थांबत नाही. ज्यांच्या अंगाला धक्का लागला नाही, पण ज्यांचे जिवलग मेले किंवा दूर नेले गेले, त्यांचे दुःख हीदेखील हिंसाच होय, असे तो म्हणतो. कलिंगात जेवढे मारले गेले त्याच्या शतांश किंवा सहस्रांश माणसांवर आज तसा प्रसंग आला तरी ते आपल्याला जड वाटेल, असेही म्हणतो. सरकारने केलेल्या हिंसेला सरकारनेच हिंसा म्हणणे किती दुर्मीळ आहे, हे आपल्यासारख्या मोर्चे काढणाऱ्या माणसांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे गोळीबारात माणसे मेली की आकडा ठरवायलाच चौकशी आयोग नेमावा लागतो.

म्हणून अशोकाला कमी लेखण्यासाठी मी येथे उभा नाही. पण दीड लाखांचा प्रश्न शिल्लक आहे.

"नेण्यात आली" यासाठी तेराव्या लेखात जे क्रियापद आहे ते संस्कृतातील 'अपवह्' या धातूचे, म्हणजे वाहून नेणे, उचलून दुसरीकडे नेणे. हाच धातू कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका फार महत्त्वाच्या जागी येतो. नवी वसाहत कशी करावी हे सांगताना अर्थशास्त्र म्हणते की, परक्या मुलखातली माणसे उचलून आणून अथवा आपल्या मुलखातली जास्त झालेली माणसे हलवून गावे बसवावीत. आणि या गावांत मुख्यतः शूद्र शेतकरी असावेत. अर्थशास्त्र नेमके कोणत्या काळचे, याविषयी विद्वानांत वाद आहे आणि तो मिटेल असे दिसत नाही. पण राज्ययंत्रणेची जी रीत त्यात दिसते ती हीच. पडीक जमीन मोडून काढायला, जंगल तोडायला, खाणीत उतरायला माणसे हवीत. युद्धात जमीन मिळते तसे हातही मिळतात. तेव्हा दीड लाख हा आकडा युद्धाच्या धामधुमीत परागंदा झालेल्यांचा नसून पद्धतशीरपणे हलवलेल्या मनुष्यबळाचा असावा, असे मानायला जागा आहे. ही माणसे कुठे तरी शेत नांगरीत होती. त्यांच्या घामातून भाग आणि बली हे कर वसूल होत होते. आणि त्याच वसुलीतून रस्त्याच्या कडेला वड लावले जात होते आणि विहिरी खणल्या जात होत्या.

त्यांना परत पाठवल्याचा उल्लेख अशोकाच्या एकाही उपलब्ध लेखात नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही ध्यानात घ्यावी. ओडिशात धौली आणि जौगड येथे, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगच्या भूमीवर, अशोकाचे शिलालेख आहेत. इतरत्र आढळणाऱ्या चौदा लेखांपैकी अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन तेथे कोरलेले नाहीत. पश्चात्तापाचा जो लेख, तोच नेमका ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यासमोर नाही. पेशावरकडच्या शाहबाझगढीला तो वाचता येत होता, सौराष्ट्रात गिरनारला वाचता येत होता, कलिंगमध्ये मात्र नाही. जखमेवरची खपली काढू नये हा भाव यामागे असेल, किंवा जिंकलेल्या प्रजेपुढे राजाने दुबळे दिसू नये हा हिशेब असेल. मला दोन्ही खरे वाटतात. सत्तेवरच्या माणसाची करुणा आणि त्याचा हिशेब या दोन गोष्टी एकाच मनात राहतात, आणि त्या वेगळ्या करण्याची कला अजून कोणाला साधलेली नाही.

मग त्या तीन लेखांच्या जागी काय आहे? तेथे दोन स्वतंत्र लेख आहेत, आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने पाहिले तर अशोकाच्या साऱ्या लेखांत हे दोन मला सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांतला पहिला तोसलीच्या महामात्रांना उद्देशून आहे, म्हणजे नगराचा न्याय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना. हजारो जिवांचा भार तुमच्यावर आहे, सारी माणसे माझी अपत्ये आहेत, असे त्यांना बजावून तो थेट तुरुंगाच्या दारात जातो. कोणी माणूस विनाकारण बंदिवासात पडतो, त्याचे हाल होतात, कोणी अचानक सुटतो आणि बाकीचे तसेच खितपत राहतात, असे होता कामा नये. असे का होते तेही तो सांगतो. अधिकाऱ्याच्या ठायी असूया असते, राग असतो, निष्ठुरपणा असतो, घाई असते, कामाची सवय नसते, आळस असतो, थकवा असतो. ही यादी वाचताना मला नेहमी आपल्या तहसील कचेरीतला व्हरांडा आठवतो. तेवीस शतकांत कारकुनी स्वभावात फारसा फरक पडलेला नाही.

हा उपदेश हवेत राहू नये म्हणून तजवीजही केलेली आहे. दर पाच वर्षांनी एक सौम्य प्रकृतीचा महामात्र फेरीवर पाठवला जाईल आणि आज्ञा पाळली जाते की नाही हे तो पाहील. उज्जयिनी आणि तक्षशिला येथून तर तीन वर्षांच्या आत अशी फेरी निघावी. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवावा, अधूनमधूनही वाचावा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचावा. म्हणजे काय? अधिकाऱ्यांना दिलेली ताकीद प्रजेच्या कानांवर घालायची. तुमच्याशी साहेबाने कसे वागायला हवे, हे तुम्हालाच तुमच्या बोलीत सांगायचे. माहितीचा अधिकार आपल्या देशात २००५ साली कायद्याने आला. त्याचे बीज येथे आहे असा दावा मी करणार नाही, असले दावे करण्याचा आपल्याकडे सुळसुळाट झाला आहे. पण प्रजेला सांगून कारभार करावा, ही दृष्टी येथे निश्चित दिसते.

सहाव्या लेखात तो म्हणतो की, मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, बागेत असलो तरी लोकांच्या कामाची वार्ता माझ्यापर्यंत पोचलीच पाहिजे; प्राणिमात्रांचे माझ्यावर ऋण आहे, ते मी फेडतो आहे. पाचव्या लेखात अभिषेकानंतर तेराव्या वर्षी नेमलेल्या धम्ममहामात्रांची कामे आहेत. त्यांत कैद्याला पोरेबाळे असतील, तो म्हातारा असेल तर त्याच्या सुटकेची व्यवस्था पाहणे हेही आहे. तिसऱ्यात थोडा खर्च आणि थोडा साठा चांगला, असे एक वाक्य आहे. अल्पसंग्रहाचे हे तत्त्व आपल्या मंत्र्यांच्या निवासस्थानांच्या फाटकावर कोरायला हरकत नाही. मात्र देहान्ताची शिक्षा त्याने बंद केली नाही. चौथ्या स्तंभलेखात न्यायात आणि दंडात समता असावी असे सांगून तो मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत देतो. त्या मुदतीत नातेवाइकांनी दाद मागावी. सव्वीस वर्षे राज्य केलेल्या आणि अहिंसा शिकवणाऱ्या राजाच्या राज्यातही फासाचा दोर होताच.

हे सर्व लांबच्या मुलखातले झाले, आपल्या महाराष्ट्रात काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठवा लेख धम्मयात्रेचा. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलीला जात, आपण दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून लोकांना भेटण्याची, त्यांच्याशी धम्मावर बोलण्याची यात्रा सुरू झाली, असे त्यात आहे. दुसरा तुकडा त्याच परिसरात मिळाला तो १९५६ साली, आणि तो नवव्या लेखाचा होता. हे सालही लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

नववा लेख मंगलकार्यांविषयी आहे. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. (बायका यात फार करतात असाही एक शेरा आहे. सम्राटालाही हे सुटले नाही, म्हणजे पुरुषी समजूत किती जुनी आहे ते पाहा.) आता हे धम्ममंगल म्हणजे काय? यादीत पहिला क्रमांक गुरुजनांचा नाही, ब्राह्मण-श्रमणांना दान देण्याचाही नाही. पहिला आहे 'दास-भतक' यांच्याशी नीट वागण्याचा. दास म्हणजे गुलाम. आणि भतक म्हणजे भृतक, मजुरीवर राबणारा माणूस. इथल्या वसाहतीच्या फाटकावर सकाळी डबा घेऊन उभा असणारा जो माणूस, त्याचे हे पाली-प्राकृतातले नाव आहे. आपल्या देशाच्या लिखित इतिहासात, ज्याच्या काळाविषयी शंका नाही अशा अगदी पहिल्या लेखांमध्ये मजुराचा उल्लेख येतो, आणि तो धर्माच्या व्याख्येतच येतो. आपल्या चळवळीने या गोष्टीकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही.

पण नीट वाचा. भतकाशी नीट वागा असे मालकाला सांगितले आहे. मालक नीट वागला नाही तर भतकाने काय करावे, याविषयी लेख गप्प आहे. दासाला सोडा असेही तो म्हणत नाही. धम्ममंगल मालकाच्या घरचे आहे, भतकाच्या वाट्याला त्याचा प्रसाद येतो. दया ही देणाऱ्याची असते. ती द्यायची की नाही, किती द्यायची, केव्हा थांबवायची, हे तोच ठरवतो. हक्क मागणाऱ्याचा असतो. अशोकाच्या राज्यात प्रजेला ऐकण्याचा अधिकार मिळाला, मागण्याचा मिळाला नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या संदर्भात एक कठोर मत मांडले आहे. त्यांच्या मते अशोकाच्या धम्माने वर्गावर्गांतला झगडा मिटवला नाही, त्यांच्यात समझोता घडवून आणला. राज्य चालवायला नुसता दंड पुरत नाही हे ओळखून राज्यसंस्थेने नीतीची जोड घेतली. मार्क्सवादी पंडिताचे हे विश्लेषण मला बव्हंशी पटते, तरी त्यात काहीतरी निसटते असेही वाटते. समझोता करणारे राजे पुष्कळ झाले, पण आपल्या अपराधाचा आकडा त्यांनी दगडावर कोरला नाही. दामोदरपंतांचे वडील धर्मानंद हे गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाचा शोध घेत ते सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि ४ जून १९४७ रोजी इथून जवळच सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' हे त्यांचे १९३५ सालचे पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावे. बुद्धाची करुणा आणि समाजवाद यांची सांगड घालण्याची तळमळ त्यात आहे. आपले आचार्य नरेंद्र देव यांनीही आयुष्यभर तीच सांगड घातली. त्यांचा 'बौद्ध धर्म दर्शन' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५६ सालीच प्रसिद्ध झाला.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, एक शिळा आणून ठेवली आहे. ती चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील देवटेक या गावची. तिच्यावर दोन लेख आहेत. एक वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याच्या काळचा, आणि दुसरा त्याच्या कित्येक शतके आधीचा, अशोककालीन ब्राह्मीतला. या जुन्या लेखात राजाचे नाव नाही. 'स्वामी' आज्ञा करतो की प्राण्यांना पकडू नये, मारू नये. आणि ही आज्ञा चिकंबरी या गावासाठी आहे. देवटेकजवळचे चिकमारा ते हेच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख अशोकाच्या धम्ममहामात्राचा ठरवला. पवनीला वैनगंगेच्या काठी १९६९-७० साली झालेल्या उत्खननात मौर्यकाळापर्यंत मागे जाणारे स्तूप मिळाले, हे त्याच्याशी जुळतेच. तेराव्या लेखात ज्या भोजांचे नाव येते, त्यांचाही संबंध पुष्कळ अभ्यासक विदर्भाशी जोडतात.

पाटलिपुत्राहून निघालेली अहिंसेची आज्ञा आपल्या झाडीपट्टीत पोचली, याचा अभिमान वाटतो खरा. पण मला त्या चिकंबरीत राहणाऱ्या माणसांविषयी कुतूहल आहे. भोवती दाट अरण्य. पोटाचा मोठा आधार शिकार आणि रानातले कंदमूळ. त्यांना कोणी सांगितले की आजपासून पकडू नका, मारू नका. पाटलिपुत्राच्या मुदपाकखान्यात पूर्वी लाखो प्राणी मारले जात, ते कमी होऊन रोज दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही, असे अशोक पहिल्या लेखात प्रांजळपणे सांगतो. राजाच्या ताटातून मांस कमी झाले तर त्याला भात, तूप, फळे आहेत. अरण्यातल्या माणसाच्या हातून जाळे काढून घेतले तर त्याच्या ताटात काय येते? याच तेराव्या लेखात, पश्चात्तापाच्या ओळींच्या पाठोपाठ, अटवीतल्या म्हणजे अरण्यातल्या लोकांना उद्देशून एक वाक्य आहे. देवांचा प्रिय अनुताप पावला असला तरी त्याच्या हाती बळ आहे. तेव्हा त्यांनी लाज बाळगावी, म्हणजे ते मारले जाणार नाहीत. हे वाक्य आपल्या भाषणांत कोणी सांगत नाही. कलिंगसाठी अश्रू आणि अटवीसाठी इशारा, ही दोन्ही एकाच शिळेवर आहेत.

अटवीतल्या माणसांना त्यांचे जंगल त्यांचे आहे असे लेखी सांगायला या देशाला २००६ साल उजाडावे लागले. वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच, या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली आहे. राज्याने केलेली ही कबुली मला तेराव्या लेखाच्या जातीची वाटते, आणि एका बाबतीत त्याच्या पुढची. कारण नुसती कबुली देऊन कायदा थांबला नाही; जमिनीचा आणि वनाचा दावा ग्रामसभेने करायचा आणि तो मान्य करून घ्यायचा, अशी वाट त्याने दाखवली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपला बांबू आपण विकला. तो कुणाच्या करुणेने मिळाला नाही. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते गाव ग्रामसभेत बसून एकमताने निर्णय घ्यायला शिकले होते. आजही कितीतरी गावांचे दावे तालुक्याच्या कपाटांत पडून आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता १९५६ सालाकडे येतो. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दिवस निवडला अशोक विजयादशमीचा. हे केवळ स्मरण नव्हते. अशोकाच्या वेळी धम्म राजाने स्वीकारला आणि तो खाली प्रजेकडे आला. नागपुरात तो गावकुसाबाहेरच्या माणसांनी स्वीकारला आणि वर, राज्यसंस्थेकडे पाहून विचारले की आता तुमचे काय? अशोकाच्या लेखांत ज्यांचा उल्लेख इतरांनी कसे वागवावे एवढ्यापुरता येतो, ते दास-भतक येथे स्वतः उभे राहून प्रतिज्ञा घेत होते. १६ तारखेला बाबासाहेब चंद्रपूरला गेले आणि तेथेही दीक्षा झाली. स्वामीच्या आज्ञेची देवटेकची शिळा ज्या जिल्ह्यातली, त्याच जिल्ह्यात लोकांनी या वेळी कोणा स्वामीची आज्ञा न घेता आपला निर्णय आपण केला.

त्यांच्या मनात राज्याचे चित्र काय होते? २० नोव्हेंबरला काठमांडूला बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्याविषयी बोलताना, शोषण संपवण्याचे उद्दिष्ट एकच असले तरी बळजबरीने आणि हुकूमशाहीने आलेली समता टिकत नाही, माणसाचे मन बदलले पाहिजे, असे त्यांनी मांडले. हा अशोकाचाच सूर. पण याच बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि ते संविधानातच लिहून ठेवावे, म्हणजे बदलत्या बहुमताला त्याला हात लावता येणार नाही, अशी मागणी केली होती. मन बदलले पाहिजे आणि जमिनीची मालकीही बदलली पाहिजे. आपल्यापैकी काहींना पहिले तेवढे आठवते, काहींना दुसरे तेवढे. दोन्ही एकत्र आठवणारे फार थोडे. अशोकाजवळ पहिले होते, दुसरे नव्हते, म्हणून त्याच्या मागे पन्नास वर्षांत मौर्यांचे राज्य गेले आणि भतक भतकच राहिला.

दीक्षेनंतर काय झाले तेही विसरू नका. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या आणि त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे. मनाने मोकळे झाल्याची किंमत पोटाला मोजायला लावली गेली. आणि तरीही त्याच माणसांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुढे १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. कलिंगातून नेऊन ज्यांच्याकडून परकी पडीक जमीन मोडून घेतली, त्यांचे उत्तर मला त्या मागणीत ऐकू येते. तेवीस शतकांनंतर ते पडीक जमिनीवर पुन्हा उभे होते. फरक इतकाच की या वेळी ती आपल्या नावावर करा असे ते म्हणत होते. या सत्याग्रहांत समाजवादी आणि डावे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर जितक्या संख्येने हवे होते तितके नव्हते, हेही आपण आपल्याशी कबूल करावे. दुसऱ्याकडून तेरावा शिलालेख मागताना स्वतःची पाटी कोरी ठेवता येत नाही.

आता तुमच्या वसाहतीविषयी दोन शब्द, आणि मी थांबतो. तो तरुण कंत्राटी कामगार होता हे मी मुद्दाम सांगितले. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली जो कायदा झाला त्याच्या नावातच 'निर्मूलन' हा शब्द होता. पन्नास वर्षांत कंत्राटी पद्धतीचे निर्मूलन झाले की कायम कामगाराचे, हे इथल्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले की कळते. आपल्या प्रत्येक सरकारी कागदावर सारनाथचे सिंह आहेत, झेंड्यावर अशोकाचे चक्र आहे. २२ जुलै १९४७ला झेंडा आणि २६ जानेवारी १९५०ला राजमुद्रा आपण स्वीकारली. आणि ज्या कागदावर ते सिंह छापलेले असतात, त्याच कागदावर तुमचा किमान वेतनाचा दर असतो. तो तुम्हाला कुणी तिष्य नक्षत्रावर मोठ्याने वाचून दाखवीत नाही.

त्या तरुणाला आता मी असे सांगेन: नाही, पाठवली नाहीत. अशोकाने त्यांची संख्या सांगितली, त्यांच्या दुःखाला दुःख म्हटले, त्यांच्या मुलखातल्या अधिकाऱ्यांना धाक घातला, आणि त्यांची जमीन व त्यांचे घर तेवढे परत केले नाही. संख्या सांगितली म्हणून तर तुला हा प्रश्न विचारता आला. ज्या राजांनी संख्याच सांगितली नाही त्यांना कोणी काही विचारीत नाही.

पुढच्या रविवारी याच जागी सकाळी दहाला आपण पुन्हा बसणार आहोत. ज्यांच्याकडे पगाराची पावती आहे त्यांनी ती आणावी. भविष्यनिर्वाह निधीचा उतारा काढता येत असेल तर तो काढून आणावा. ज्यांना काढता येत नाही त्यांना इथली दोन मुले मोबाइलवर काढून देतील. हजेरीपटावर किती दिवस लागले आणि प्रत्यक्ष किती दिवस भरले, हे ज्याचे त्याने घरून लिहून आणावे. एकच माणूस आला तरी आपण ते वाचायला सुरुवात करू.